साडेचौदा

मदेराच्या शाळेत, जिमच्या मागच्या बोळातल्या खोलीत
माझं टेबल. टिश्यूचा खोका, पाणी जास्त होऊन मेलेलं निवडुंग
आणि हेर्लिंदा मेराझचा कागद.
पंधरा चौकटी.
साडेचौदा भरलेल्या.

ती पाठीवरची सॅक न काढताच बसते,
खुर्चीच्या कडेवर, निघायच्या तयारीत.
नोव्हेंबर संपत आलाय. बाहेर दरीतलं धुकं;
नव्व्याण्णव नंबरच्या रस्त्यावरचे ट्रक
आता फक्त आवाजावरून ओळखायचे.

मी बोट फिरवत खाली येते.
इंग्रजी आहे. प्रयोगशाळेचं विज्ञान आहे.
चित्रकला आहे, एक वर्ष, बी.
इंग्रजीखेरीज दुसरी भाषा: स्पॅनिश, ए, ए.
"ती माझी दुसरीच आहे," ती म्हणते. "पहिलीला चौकट नाही."
पहिली मिश्तेक. तिची परीक्षा घेऊ शकेल असं
आमच्या शाळेत कोणी नाही, तिच्याशिवाय.

गणित. नववीत बीजगणिताला डी.
पण अकरावीत पुढच्या बीजगणितात तिने बी आणला,
आणि विद्यापीठ म्हणतं, वरची पायरी चढलीस
म्हणजे खालची चढलीच असशील.
"गणित मोठ्या मनाचं असतं," मी सांगते,
"मागचं पोटात घालतं."

"आणि इतिहास?"

इतिहास नाही घालत.
दहावी, जगाचा इतिहास, पहिलं सत्र, डी.
पुढच्या सत्रात ए आणलास तरी तो तिथेच बसून राहतो,
लग्नात न बोलावता आलेल्या काकासारखा.
त्याला उठवायचं तर पुन्हा पहिल्या पानापासून.

फाइलमध्ये लिहिलंय: गैरहजर, बावीस दिवस.
कारणाच्या रकान्यात: कौटुंबिक.
मी काही विचारत नाही. सतरा वर्षं या खुर्चीत बसून
न विचारणं तेवढं शिकले आहे.

तीच सांगते.
यूफ्रोसिना मावशी, फ्रेस्नोचं हॉस्पिटल, दोन्ही किडन्या.
डॉक्टर इंग्रजी बोलायचा,
पडद्यावरचा दुभाषा स्पॅनिश,
आणि मावशी दोघांकडे बघून मान डोलवायची,
न कळलेल्या माणसाने डोलवावी तशी.
म्हणून मग ही. पंधरा वर्षांची. मध्ये उभी.
डायलिसिसला शब्द नव्हता.
"रक्त धुणारं मशीन" असं सांगितलं,
तर मावशी म्हणाली, "साबण कुठला?"

हेर्लिंदा हसते. मीही.
मग हीटर तेवढा घरघरत राहतो.

प्रौढ शाळेत संध्याकाळचा वर्ग आहे, जानेवारीपासून,
सोमवार-बुधवार किंवा मंगळवार-गुरुवार.
"सोमवार-बुधवार," ती लगेच म्हणते. "मंगळवार मावशीचा."
मी चौकटीत लिहिते: नियोजित.
हा शब्द विद्यापीठाला चालतो.
मे महिन्यापर्यंत चालतो, त्यानंतर सी तरी लागतो.

"ते बावीस दिवस कुठे धरतात का?"

कुठेच नाही, असं म्हणणार होते.
मग अर्जाचं दुसरं पान उघडलं. इतर कामे,
साडेतीनशे अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
ती कीबोर्ड ओढून घेते. दोन बोटांनी टाइप करते:

मी मावशीचं बोलणं डॉक्टरांना सांगत होते.
डॉक्टरांचं मावशीला.
साबणाचं सांगितलं नाही.

"अजून पुष्कळ अक्षरं उरलीत," मी म्हणते.
"सेवाभाव, नेतृत्व असं काहीतरी घाल. सगळे घालतात."

ती पडद्याकडे बघते. सॅकचा पट्टा खांद्यावर नीट करते.
"उरू दे," म्हणते,
आणि धुक्यात शिरते.
दार ती लावून गेली. हातात राहिला कागद,
अर्धी चौकट माझ्या अक्षरातली.