शुक्रवारचं वजन

लोकरीच्या काट्याला पोतं अडकवून
बाबा दर शुक्रवारी पिल्लू जोखतात.
पोत्याबाहेर नुसतं काळं नाक.
काटा थरथरतो, थांबतो:
आठ किलो, वर शंभर ग्रॅम.
आकडा कोळशाने भिंतीवर,
मेंढ्यांच्या हिशेबाशेजारी.

जवाचं पीठ, उकळतं पाणी, थोडी निवळी,
दिवसाआड एक उकडलेलं अंडं.
दिवसातून चार वेळा, तांब्याच्या त्याच वाडग्यातून.
कोमट हवं; करंगळी बुडवून बघायची.
सिवासच्या डॉक्टर नेजलाबाईंनी
मोठ्या जातीच्या पिल्लांचं दाणेदार खाणं दिलंय,
ते बाबा औषधासारखं मोजतात,
एखादा दाणा सांडला तर उचलून परत थैलीत.

मला घाई होती.
सप्टेंबरात मी वसतिगृहात जाणार,
त्याआधी चोमार एवढा व्हावा
की लांडग्याने वासावरच वाट बदलावी.
म्हणून रात्री, सगळे निजल्यावर,
लोण्यात कुस्करलेली भाकरी.
भाकरी संपली की तो माझी बोटं चाटायचा,
बोटं संपेपर्यंत.

तिसऱ्या शुक्रवारी काटा फारच खाली गेला.
बाबांनी आकडा लिहिला नाही.
पिल्लाच्या कुशीवरून हात फिरवत राहिले,
गोधडीत हरवलेली सुई चाचपावी
तशा त्याच्या फासळ्या शोधत.
मग बोलले. माझ्याशी नव्हे, चोमारशी.
"तुझ्याआधी एक होता. लाडाने फुगला.
अंग पुढे पळालं, हाडं मागे राहिली.
पुढचे पाय कमानीसारखे वाकले.
कळपामागून यायचा बिचारा,
पण दिवेलागणीला, सगळं आवरल्यावर.
हाडांना घाई नसते रे."
त्या संध्याकाळी वाडगा अर्धाच भरला.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

इथे जेवण बरं असतं.
मसुराचं सूप, पाव हवा तेवढा.
कुणी मोजत नाही.

शुक्रवारी जिन्याखालच्या फोनवर बाबा.
कशी आहेस वगैरे नाहीच.
"पंचवीस किलो. वर तीनशे ग्रॅम. पाय सरळ."
मग पठारावरचा वारा ऐकू येतो,
त्यात एक भुंकणं,
जे मी निघाले तेव्हा एवढं जाड नव्हतं.
मी ठेवणार, तेवढ्यात,
"आणि तू?"

मी स्वेटरखाली हात घालते,
बोटांनी एकेक फासळी मोजते,
आणि खरं सांगावं का, ते ठरवेपर्यंत
तिकडे वारा वाहत राहतो.