रिकामं वजन

पुस्तकात लिहिलंय सात हजार सहाशे चाळीस.
चिकोडीच्या पासिंगचं, अकरा वर्षांपूर्वीचं वजन.
इरगोंडाकडून ट्रक घेतला, ना-हरकत आली,
आता कोल्हापूरचा नंबर पाहिजे,
तर साहेब म्हणाले, आधी काट्याची पावती आणा,
रिकाम्या गाडीची.

शिरोलीच्या काट्यावर अक्काताई मगदूम.
चष्मा कपाळावर, डब्यातली भाकरी अर्धी.
सात हजार आठशे पन्नास, म्हणाली,
आणि तुम्ही आत बसलाय. उतरा.
उतरलो. सत्तर किलो गेले.
एवढाच मी? म्हटलं.
काटा सरकारी शिक्क्याचा हाय, म्हणाली.

मग एकेक खाली घेतलं.
जॅक. साखळदंड. ताडपत्री, तिच्या घडीत
एक वाळलेला बेडूक.
स्टोव्ह, काळं पातेलं, नारळाचा दोर,
सीटखाली कानडी कॅलेंडरांची गठडी,
अकरा वर्षांची, एकही फाडलेलं नाही.
सात हजार सातशे.

अक्काताई बाहेर आली, फळीला नख लावलं, चाटलं.
गूळ.
शाहू मार्केटच्या कितीक हंगामांचा गूळ
फळ्यांच्या फटींत बसलेला, काळा, दगडासारखा.
दुपारभर छिन्नीनं खरवडला.
मुंग्या माझ्या हातावरून फिरत राहिल्या,
चावल्या नाहीत.
दहा किलो.

उरले पन्नास.
ते कशात आहेत, सापडेना.
शेवटी साहेबच गाडीखाली झोपले, बॅटरी घेऊन,
कुणी मारलाय हा अँगल?
चॅसीला आडवा, जाडजूड, वेल्डिंग ओबडधोबड,
हातानं घरी केल्यासारखं.

इरगोंडाला फोन लावला.
तवंदी घाटात एकदा ब्रेक गेला होता, म्हणाला,
मागं बसलेली माणसं होती.
त्यानंतर मारला.
काढू नको रं.

काढला नाही.
साहेबांनी पेनाचं टोपण दातात धरलं,
रिकाम्या वजनात पन्नास वाढवले,
भाराच्या रकान्यातून पन्नास कमी केले,
सही केली. पुढचा!

म्हणजे आता प्रत्येक खेपेला
साखरेचं एक पोतं कमी.
हिशोब करत बसलो टपरीवर:
महिन्याला बारा खेपा, वर्षाला किती,
चहा गार झाला,
हिशोब अर्ध्यात सोडला.

संध्याकाळी इरगोंडाचा परत फोन.
गूळ काढला काय?
खरवडला म्हटलं. सांगितला होता साहेबांनी.
बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला,
मुंग्यांची वळख होती रं माझ्या.

नवी पाटी आणली. एम एच शून्य नऊ.
जुन्या पाटीची भोकं तिला जुळत नाहीत,
दोन नवी पाडावी लागतील.
ड्रिल मशीन शेजाऱ्याकडं आहे,
तो आज जयसिंगपूरला गेलाय.