सहा ते वीस

घरी अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही
मी काय शिकते ते.
मावशी शेजारी सांगते, जिममध्ये लागणार पोरगी.
मामा विचारतो, मग डॉक्टरच का नाही झालीस?
मी म्हणते, माणूस दमतो कसा, ते शिकते.
मामा हसतो. त्याला पाच वर्षं कशाला,
चार वाजता आमच्या गोदीवर ये.

परळच्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर
तीस मीटरचा पॅसेज,
दोन टोकांना दोन नारिंगी शंकू,
फिनेलचा वास, माझ्या हातात स्टॉपवॉच.
पहिल्या सत्रात नमुना मीच होते.
तोंडात नळी, नाकाला चिमटा,
वर्गातली मुलं माझा श्वास मिलिलिटरमध्ये मोजत होती
आणि मी ट्रेडमिलवर धावत होते
समोरच्या कॅलेंडरातल्या गणपतीकडे.
तो काही जवळ येईना.

भिंतीवर तक्ता आहे. सहा ते वीस.
सहा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे संपलो.
शून्यापासून का नाही, मी विचारलं होतं.
दस्तूर मॅडम म्हणाल्या,
स्वस्थ बसलेल्याचंही हृदय साठ ठोके देतं,
त्यातलं शून्य काढ, सहा उरतात.
जिवंत माणसाला शून्य नसतं. लिहून घे.
मी लिहून घेतलं.

तक्त्याचं मराठी करायचं माझ्याकडे आलं.
दम लागला, दम कोंडला, दम निघाला,
धाप, ऊर फुटणं, जीव मेटाकुटीला येणं,
यातलं तेरा कोणतं आणि सतरा कोणतं?
दम खा म्हणजे थांब. दम धर म्हणजेही थांब.
दम दिला की मात्र माणूस पळतो.
दोन रात्री गेल्या.
शेवटी आकडेच ठेवले, मोठ्या अक्षरात.

नेवरेकर काका, वय सदुसष्ट, बायपास, तीन ग्राफ्ट.
नरिमन पॉइंटच्या एका इमारतीत अडतीस वर्षं लिफ्टमन.
"रोज शंभर वेळा वर गेलो," म्हणतात,
"चढलो एकदाही नाही."
त्यांच्या ठोक्यांना गोळीने वेसण घातलीय,
त्यामुळे यंत्राला विचारून भागत नाही,
माणसालाच विचारावं लागतं.
काका, किती?
"आठ."
शंकूला वळसा.
"दहा."
"अकरा. कुणी उतरणार का?"
"बारा."
मग कपाळावर घाम, गंमत बंद,
"चौदा."

तीन आठवडे हेच. बारा, चौदा.
माझ्या आलेखात बरोबर तिथेच भोक
जिथे मला त्यांना वीस मिनिटं चालतं ठेवायचं होतं.
मॅडम म्हणाल्या, तू विचारतेस तरी कशी?
मी आवाज बदलला. तक्ता जवळ आणला.
चष्म्याचा नंबरसुद्धा विचारून झाला.

बुधवारी छातीवरची शिवण सांभाळत
इलेक्ट्रोड काढताना सहज म्हटलं,
काका, तेरा कधीच नाही?
ते शर्टाची बटणं लावत राहिले.
"आमच्या लिफ्टला तेराचं बटण नव्हतं.
मालकाने लावूच दिलं नाही.
बारा, की एकदम चौदा."
वरचं बटण काजात जाईना. मग म्हणाले,
"आणि तेरावा केला की गेल्या वर्षी.
हिचा."

पॅसेजमध्ये कुणीतरी शंकू एकात एक घालून ठेवत होतं.
त्या दिवसाचा रकाना मी कोराच ठेवला.

सोमवारी त्यांना म्हटलं,
नव्या टॉवरमध्ये हल्ली बारा-अ असतो म्हणे.
"असतो," ते म्हणाले, "माहितीय.
भाडं कमी घेत नाहीत पण."
चौथ्या मिनिटाला, पलीकडच्या शंकूच्या जरा अलीकडे,
ओठ कोरडे, वाक्य मात्र शाबूत,
"बारा-अ," म्हणाले.
"दार उघडू?"

नको, मी म्हटलं,
इथेच राहू या थोडा वेळ.