घर हललं त्या दिवशी

कड्याच्या काठापासून माझं घर
अकरा पावलांवर उरलं होतं.
दर रविवारी मोजायचे,
चर्चहून परतताना, ओले बूट पायातच.
ईस्टरला चौदा होती.

चिलोए बेटावर समुद्र कुणाला विचारत नाही.
बटाट्याचं शेत खातो, कुंपण खातो,
बोळक्या म्हाताऱ्यासारखा
चघळत चघळत.

मी हट्टाला पेटलेले.
प्रभूला म्हणायचे, तूच ना सांगितलंस
घर खडकावर बांधावं म्हणून?
मग खडकच का झिजतोय?
तो काही बोलायचा नाही.
वेदीवरची मेणबत्ती तेवढी
फटीतल्या वाऱ्यानं एका अंगाला कलायची.

सत्तावीस वर्षं चर्चची किल्ली माझ्या कमरेला.
पाद्री वर्षातून दोनदा येतो, बोट मिळाली तर.
एरवी मेलेल्यांसाठी प्रार्थना मीच सांगते,
एलेउतेरिया बार्रिया, राइमुन्दोची विधवा.
आणि 'जशी आम्ही क्षमा करतो' ही ओळ आली
की आवाज चढवते,
म्हणजे माझं मला ऐकू येत नाही.

राइमुन्दो बुडाला त्या रात्री
सुकाणू त्याच्या धाकट्या भावाच्या हातात होतं.
बाउदिलिओ पोहून आला.
एवढंच.
एवढ्यावर मी एकोणीस वर्षं काढली.

आमच्याकडे घर पाडत नाहीत, ओढून नेतात.
खाली ओंडके सारतात, तुळयांना दोर बांधतात,
बैलांच्या जोड्या जुंपतात, आणि सगळा गाव सावडीला येतो.
मजुरी नाही, फक्त जेवण.
आज माझं घर, उद्या तुझं.
चूल विझवली. काचा काढून गोधडीत गुंडाळल्या.
म्हटलं, मी आतच बसणार.
चाळीस वर्षं राहिले, आता काय पाहुणीसारखी मागून चालू?

पहिल्या हिसक्याला भिंती कण्हल्या.
खिळ्यावरचा क्रूस घड्याळाच्या लंबकासारखा डोलला,
पडला नाही.
आणि बिनकाचेच्या खिडकीतून समुद्र
हळूहळू बाजूला सरकू लागला.
आधी एक मोहाचं झाड आलं असावं असं वाटलं,
पण ते आमचंच सफरचंद होतं,
या बाजूनं मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग ओहोळापाशी घर रुतलं.
बैलांच्या तोंडाला फेस. दोर तंबोऱ्यासारखे ताठ.
कुणीतरी ओरडलं, 'आत कोण आहे?
उतर बाई, तुझंच ओझं होतंय!'
ऐंशी माणसं हसली.
मला हसू आलं नाही.

उतरले. चिखल घोट्यापर्यंत.
शेवटच्या दोरावर एकाच माणसाची जागा रिकामी होती,
आणि तिच्यापुढे ती पाठ,
कॉलर विरलेली, मानेवर जुना भाजल्याचा व्रण.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं मी मागे आहे.
त्यानं वळून पाहिलं नाही, फक्त
दोरावरचा हात थोडा पुढे सरकवला,
मला धरायला जागा व्हावी म्हणून.

घर हललं.
माझ्या साठ किलोंमुळे नाही,
हे तिथल्या बैलांनासुद्धा ठाऊक होतं.

संध्याकाळी जुन्या जागी गेले.
मातीवर घराएवढा फिकट चौकोन,
पांढरं पडलेलं गवत, एक चमचा,
राइमुन्दोचा गंजलेला गळ.
गळ उचलला. चमचा राहू दिला.

जेवणं चालू होती. खड्ड्यातून वाफ,
शिंपले, डुकराचं मांस, बटाट्याचे मिलकाओ.
बाउदिलिओ लांब, बैलांजवळ उभा होता.
ताट नेऊन दिलं.
तो म्हणाला, 'वहिनी, मीठ कमी आहे.'
मी म्हटलं, 'मग खाऊ नकोस.'
त्यानं खाल्लं.
क्षमा केली, असं अजून म्हणवत नाही.
पण रविवारी ती ओळ मी हळू म्हटली.

सकाळी उजेड आता भलत्याच भिंतीवर येतो.
झोपेतून उठून सवयीनं समुद्र बघायला जाते,
तर समोर बाउदिलिओचा गोठा,
आणि दारात तो, शेण काढत.
दोन महिने झाले.
अजून दचकते.
खिडकी मात्र उघडी ठेवते.