पहिला शब्द

ओडेसा प्रुइटच्या पाट्यांच्या दुकानात
नियम दोनच, गल्ल्यावर चिकटवलेले:
अर्धे पैसे आधी.
शुद्धलेखनाची जबाबदारी गिऱ्हाइकाची.

टोलेडो शहर. मॉमी नदीवर नोव्हेंबरचं मळकं आभाळ.
मी मागच्या टेबलाशी चिमटा घेऊन
कापलेल्या अक्षरांच्या पोटातलं व्हिनाइल उपटते.
ओचं पोट, एचं पोट, बीची दोन.
आठ तासांत माणूस वाचायचं विसरतो.

मंगळवारी कॉलेजची चार पोरं आली:
काळ्यांचा जीव मोलाचा. साठ पाट्या, पुठ्ठ्याच्या.
बुधवारी लिंडक्विस्टबाई:
सगळ्यांचा जीव मोलाचा. बारा,
अंगणात रोवायच्या तारांसकट.
ओडेसाने दोघांनाही पावती फाडली.
मला म्हणाली, नवी फाइल कशाला उघडतेस,
मागचे शब्द तेच आहेत. पहिला बदल.

शुक्रवारी नेमके सगळे एकाच वेळी आले.

'सगळे म्हटल्यावर तुम्ही आलातच की त्यात,'
बाई म्हणाल्या, आवाज न चढवता.
ताविया नावाची मुलगी म्हणाली,
'शाळेत हजेरी घेताना सगळे हजर असं लिहीत नाहीत, बाई.
एकेक नाव घेतात.
आमचं नाव आलं की पान उलटतं.'
'माझा भाऊ काचेच्या कारखान्यात मेला,
भट्टीपाशी, एकोणिसाव्या वर्षी.
त्याच्या नावाची पाटी नाही लावली कुणी.'
यावर कोण काय बोलणार?
ओडेसाच्या हातातला टेप
खटकन डबीत परत गेला.
'लावा ना मग,' ताविया म्हणाली, जरा हळू.
'मी धरते दुसरं टोक.'
बाईंनी पर्स उघडली, मिटली,
उरलेले पैसे मोजून ठेवले.

तेवढ्यात रोडेल, ओडेसाचा भाचा, वर्दीत,
ठाण्याच्या सॉफ्टबॉल संघासाठी मॅग्नेट हवे होते त्याला.
पोरं भिंतीला सरकली.
'तू कुणाकडून?' तावियाने विचारलंच.
तो टोपी फिरवत राहिला.
मग म्हणाला, गेल्या रविवारी
साध्या कपड्यांत होतो, सिग्नलला अडवलं.
कुणी सांगायच्या आत माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर,
बोटं पसरून.
हे अकादमीत नाही शिकवलं. आईने शिकवलं,
तिच्या पिठाच्या हातांनी, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून.
ओळख पटली तेव्हा ते हसले. मीही हसलो.
ते हसू घरापर्यंत पुरलं नाही.
'आणि सोमवारी?'
'सोमवारी ड्यूटी होती.'

मलाही एकदा थांबवलं होतं,
मागचा दिवा फुटलेला. ताकीद दिली, मॅडम म्हणाले,
जपून जा म्हणाले.
मी कुठल्या पाटीखाली उभी राहू?
आमच्याकडे रंगावर नाही भागत,
आडनाव विचारतात, सहज, चहाच्या आधी,
आणि कप कुठला काढायचा ते ठरतं.
हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.
माझं आडनाव कधी कुठे अडलं नाही,
म्हणून सांगायचं सुचलंही नाही.

दुकान बंद करताना पावतीच्या पाठीवर
माझ्या लिपीत दोन्ही शब्द लिहून पाहिले.
सगळ्यांचा.
काळ्यांचा.
शेपूट तेच, जोडाक्षर तेच, अनुस्वारसुद्धा तोच.
इकडे पुढे 'सग',
तिकडे नुसता 'का'.

ओडेसा खांद्यावरून डोकावली,
तिला ते वेलबुट्टीसारखं दिसलं असणार.
'हे एकटं अक्षर काय म्हणतं?'
म्हटलं, ते विचारतं. कारण विचारतं.
तिने दिवा मालवला, किल्ल्या शोधल्या.
'मग पुढे प्रश्नचिन्ह लागेल,' ती म्हणाली,
'त्याचे पैसे वेगळे.'