चौथी फळी

इर्मेली गालिचे धुते तळ्यावरच्या लाकडी धक्क्यावर,
गुडघे टेकून. पाइनच्या वासाचा साबण.
चिंध्यांचे गालिचे; एका पट्टीत
तौनोचा निळा सदरा,
अजून विटलेला नाही.

लेकीनं शहरातून मशीन पाठवलंय.
ते पडवीत आहे,
वर बटाट्यांची टोपली.

ब्रश ठेवून ती पाय पाण्यात सोडते.
चौथी फळी करकरते.
‘यंदा बदलू,’ तौनो दर उन्हाळ्यात म्हणायचा.
आता ती कुणाला
हात लावू देत नाही तिला.

लांबून पाणकोंबडी ओरडते.
इर्मेली मान वर करत नाही.
घरातल्या माणसाच्या खोकल्याकडे
कुणी वळून बघतं का?

गालिचे कठड्यावर निथळतायत.
जूनमध्ये इथे रात्र होतच नाही,
तिलाही उठायची घाई नाही.