पाऊस निरंक

सकाळचे सहा. लॅमरमूरच्या पठारावर
धुकं इतकं, की हुहानाला
स्वतःचे बूट दिसत नाहीत.
हाताने गवत चाचपत ती चालते.
पाती स्वतःला पुसून घेतात तिच्या पँटवर,
मांडीपर्यंत चिंब;
आणि पर्जन्यमापकात टिपूस नाही.
वहीत लिहिते: पाऊस निरंक.

मग पिंप.
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं, आत माती,
मातीत टसॉकचा एक ठोंब,
कमरेइतका उंच, पिंगट, कधीच न विंचरलेला.
खाली वजनकाटा.
कालपेक्षा सातशे ग्रॅम जास्त.
काट्याला टिचकी मारते. शून्य जुळवते. पुन्हा बघते.
सातशे.
कुठेतरी पाणी मुरतंय.

डॅलग्लीश येतो नऊला, कुंपणापलीकडचा.
त्याच्या आज्याने हे डोंगर जाळले, बापानेही,
दर वसंतात, मेंढ्यांना कोवळं मिळावं म्हणून.
त्यानेही, खोटं कशाला बोला.
दोन उन्हाळे झाले, त्याचा ओढा
फेब्रुवारीतच दगड दाखवतो.
"धुक्याने कधी बादली भरते का, पोरी?"
ती काही सांगत बसत नाही. काटा दाखवते.
लोकरीच्या गाठी तोलण्यात ज्याची हयात गेली
तो काट्याशी हुज्जत घालत नाही.

वाकतो. गुडघे कुरकुरतात.
एका पात्यावर बोट ठेवतो:
सुईसारखं अरुंद, कडा आत वळलेल्या,
टोकाशी एक थेंब जड होतो, ओघळतो
बुडख्यात, जिथे एक सापसुरळी
थंडीने आखडून झोपली आहे,
आणि तिथून खाली. खाली कुठवर,
ते हुहानाच्या वहीत अजून नाही.

"वय काय याचं?"
"माहीत नाही. तुमच्या कुंपणाहून जास्त.
पहिली मेंढी बोटीतून उतरली, तेव्हा कदाचित
हा इथेच होता, असाच विस्कटलेला."
फुलतोही मनाला येईल तेव्हा. एखाद्या साली डोंगरभर,
मग चार वर्षं गप्प.

डॅलग्लीश खिशातून सिगारेट काढतो, मग काडेपेटी.
ओलं गवत पेटत नाही
हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?
तरी काडी ओढता ओढता थांबतो,
आणि गाडीपर्यंत चालत जातो,
धुक्यात, हाताने गवत चाचपत.